आयुकाच्या लायब्ररीत पुस्तकं बघायला जायचं असेल तर

साताऱ्याहून पुण्याला पुस्तकांसाठी चाललोय म्हटलं की समोरचा लगेच अप्पा बळवंत चौकाचं नाव घेतो. आम्हाला जायचं होतं विद्यापीठात, आयुकाच्या लायब्ररीत. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, आणि भाची टीवायबीएस्सीला आहे, तिने प्रोजेक्टला व्हाइट ड्वार्फ तारे, म्हणजे इंधन संपल्यावर उरलेले लहान पण अतिशय दाट तारे घेतलेत. गावातल्या कॉलेजच्या लायब्ररीत या विषयाचं म्हणावं असं काही मिळेना, नेटवरच्या पीडीएफ वाचून ती कंटाळली होती, म्हटलं चल, एकदा खरी रिसर्च लायब्ररी बघून तर येऊ. इथे सविस्तर लिहितेय कारण जायच्या आधी मला स्वतःला अशी माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती.

आधी परवानगीचं. आयुका म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठीय केंद्र, 1988 साली सुरू झालं, नारळीकर सर पहिले संचालक. इथली लायब्ररी संशोधकांसाठी आहे, ती काही नगर वाचन मंदिर नाही की गेलं, वर्गणी भरली आणि बसलं. त्यामुळे उठून तसंच जाऊ नका. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र घ्या, त्यात कोणत्या विषयासाठी आणि कोणत्या दिवशी येताय ते स्वच्छ लिहा, ते आधी ईमेलने पाठवा आणि उत्तर आल्यावरच एसटीचं तिकीट काढा. आयकार्ड सोबत ठेवा. नियम बदलत असतात म्हणून वेबसाइट एकदा बघूनच घ्या. आणखी एक, तुमच्या कॉलेजातले किंवा विद्यापीठातले कोणी सर किंवा मॅडम आयुकाचे व्हिजिटिंग असोसिएट आहेत का ते आधी विचारा. देशभरच्या कॉलेज-विद्यापीठांतले प्राध्यापक असे असोसिएट असतात आणि त्यांना तिथल्या सोयी वापरता येतात, ही योजना मुळात विद्यापीठांसाठीच आहे, तरी विद्यार्थ्यांना तिचा पत्ताच नसतो. त्यांच्याकडून एक ईमेल गेली तरी काम सोपं होतं.

पोहोचायला त्रास नाही. स्वारगेटहून किंवा शिवाजीनगरहून विद्यापीठाच्या गेटपर्यंत बस मिळते, पण गेटपासून आत बरंच चालायचं आहे, ऊन असेल तर सरळ रिक्षा करा, आयुका म्हटलं की कळतं. सकाळच्या वेळी विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकसाठी वेळ हातात ठेवा. बिल्डिंग चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केलेली आहे, काळ्या दगडाच्या भिंती, मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. ते सगळं बघा, पण लायब्ररीचं काम झाल्यावर बघा, नाहीतर सकाळचा सगळ्यात चांगला वेळ फोटो काढण्यात जातो.

आता मुख्य विषय. घरून निघण्याआधी लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग उघडून पुस्तकांची यादी करा आणि नावासमोर कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाचा शेल्फवरचा क्रमांक लिहून न्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या सिलॅबसमध्ये मॉडर्न फिजिक्स नावाचा एक पेपर असतो तसं शेल्फवर मॉडर्न फिजिक्स नावाचं एक कपाट नसतं. रिलेटिव्हिटी एकीकडे, क्वांटम दुसरीकडे, अणू आणि न्यूक्लियर आणखी पुढे. विषयाला आकडे देऊन पुस्तकं लावायची ड्युई पद्धत असेल तिथे 520 पासून खगोल आणि 530 पासून फिजिक्स, खगोलभौतिकी 523.01 ला, न्यूक्लियर 539.7 ला. युडीसी ही दुसरी पद्धत असेल तर 52 आणि 53. म्हणजे ताऱ्यांच्या आत ऊर्जा कशी तयार होते एवढं एक बघायचं म्हटलं तरी तीन ठिकाणी फिरावं लागतं. ही भटकंती टाळू नका हं, हव्या असलेल्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दोन-दोन पुस्तकं काढून अनुक्रमणिका चाळा, कॅटलॉगमध्ये कधी शोधलीच नसती अशी पुस्तकं अशीच हाताला लागतात.

आणि रिसर्च पेपर वाचायला म्हणून एवढ्या लांब जाऊ नका. पूर्वी जर्नलसाठीच असल्या लायब्रऱ्या गाठाव्या लागायच्या, आता तसं राहिलं नाही. आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर 1992 पासूनचे खगोलभौतिकीचे प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे पेपर फुकट आहेत, नासाच्या एडीएस या पेपरांच्या ऑनलाइन साठ्यावर अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलचे अगदी 1895 च्या पहिल्या अंकापासूनचे स्कॅन आहेत, शिवाय ते जर्नल 2022 पासून आणि लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं मंथली नोटिसेस 2024 पासून सगळ्यांना खुलं झालंय. सरकारी कॉलेज-विद्यापीठांना 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतही बरीच जर्नल मिळतात. तिथला मोलाचा वेळ पुस्तकांना द्या, खास करून जुन्या पुस्तकांना.

जुन्या का, ते सांगते. आम्ही टेबलावर एका विषयाची वेगवेगळ्या काळातली पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि सगळ्या दिवसात त्याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांचं ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरचं पुस्तक 1926 चं. त्यात ताऱ्याचा समतोल, प्रारणाचा (रेडिएशनचा) दाब हे सगळं इतकं पक्कं मांडलंय, पण ऊर्जा येते कुठून या प्रकरणाला आलात की लेखक चाचपडतोय हे जाणवतं, हायड्रोजनपासून हेलियम बनत असणार असा त्यांचा कल आहे, आणि तारे त्यासाठी पुरेसे गरम नाहीत म्हणणाऱ्यांना ते चक्क त्याहून गरम जागा शोधून या म्हणतात! पण ते कसं घडतं हे सांगायला लागणारं क्वांटमचं गणित तेव्हा कोणाकडेच नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी सेसिलिया पेन यांनी, आपल्या मेघनाद साहांचं 1920 चं आयनीकरणाचं (अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं) समीकरण वापरून, ताऱ्यांत हायड्रोजन प्रचंड प्रमाणात दिसतो असं काढलं होतं आणि तो आकडा बहुधा खरा नसावा असंही प्रबंधातच लिहून टाकलं होतं. तो खराच निघाला. हा प्रबंध एडीएसवर आहे, तो घरी वाचा. मग 1939 चं चंद्रशेखर यांचं स्टेलर स्ट्रक्चरवरचं पुस्तक घ्या, शेवटचं प्रकरण ताऱ्यांच्या ऊर्जेवर आहे, आणि ताऱ्यात कार्बनच्या मदतीने हायड्रोजनचं हेलियम कसं होतं ते सांगणारा बेथे यांचा कार्बन चक्राचा पेपरही त्याच वर्षीचा. आणि मग 1958 चं मार्टिन श्वार्झशिल्ड यांचं पुस्तक, त्यात तारे म्हातारे कसे होतात याची गणितं आकड्यांनिशी येतात. बत्तीस वर्षांत माणसं कुठून कुठे गेली ते एका टेबलावर दिसतं. आजच्या पुस्तकात फक्त उत्तर असतं, त्यामुळे मुलांना वाटतं हे आकाशातून पडलं. मला वाटतं फिजिक्स शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी असं करून बघावं.

एडिंग्टनच्या पुस्तकाची केंब्रिजने 1988 साली काढलेली आवृत्ती कुठे मिळाली तर प्रस्तावना चुकवू नका, ती चंद्रशेखर यांनी लिहिली आहे. ज्या एडिंग्टननी 11 जानेवारी 1935 ला भर सभेत चंद्रशेखर यांचा, व्हाइट ड्वार्फच्या वस्तुमानाला मर्यादा असते हा सिद्धांत उडवून लावला होता त्यांच्याच पुस्तकाला. भाचीला मी ही सगळी हकिकत सांगितली तर ती म्हणाली, "मावशी, मी तर लिहिलीच नसती प्रस्तावना."

तिचा व्हाइट ड्वार्फचा भाग चंद्रशेखर यांच्या 1939 च्या पुस्तकात अकराव्या प्रकरणात आहे. तिथे जास्तीत जास्त वस्तुमानाचं सूत्र आहे, 5.75 भागिले म्यू वर्ग, सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीत. म्यू म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे किती न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). आणि चंद्रशेखर यांचा मूळ पेपर, अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलमधला 1931 चा, जेमतेम दोन पानांचा आहे, तो आम्ही मोबाइलवर एडीएसवरून उघडून पुस्तकाशेजारी ठेवला. तर त्यात उत्तर 0.91! ती गोंधळली, म्हणाली आम्हाला तर 1.4 शिकवलंय, पेपर चुकला की काय. म्हटलं, म्यू किती धरलाय ते बघ. तिथे 2.5 धरलेला. तिने वहीत केलं, अडीचचा वर्ग 6.25, 5.75 भागिले 6.25 म्हणजे 0.92, पेपरच्या जवळच. मग आज हेलियम, कार्बन, ऑक्सिजनला धरतात तसा म्यू 2 घेतला, दोन न्यूक्लिऑनमागे एक इलेक्ट्रॉन, 5.75 भागिले 4, आलं 1.44. दोन ओळींचं गणित, पण तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रोजेक्टचं एक आख्खं प्रकरण तिथेच ठरलं. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संदर्भांवर टिपा आहेत, कोणी काय आधी केलं, कुठे छापलं, त्या टिपांचे फोटो काढायची परवानगी काउंटरवर विचारून घ्या, पुढची वाचनयादी त्यातूनच तयार होते.

आवृत्त्यांचंही असंच. नारळीकर सरांचं कॉस्मॉलॉजीचं पाठ्यपुस्तक पहिल्यांदा आलं 1983 ला, पुढच्या आवृत्त्या 1993 आणि 2002 च्या. मध्ये 1992 ला महास्फोटानंतर उरलेलं प्रारण मोजणाऱ्या कोबे उपग्रहाचे निष्कर्ष आले, 1998 ला विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे सुपरनोव्हांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं. कॅटलॉगमध्ये एकापेक्षा जास्त आवृत्त्या दिसल्या तर फक्त नवी मागू नका, दोन्ही मागा आणि निरीक्षणांचं प्रकरण समोरासमोर ठेवा. सर 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेत बसून त्यांचं पुस्तक उघडताना मला भरून आलं, शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा वाचूनच मी या विषयाकडे वळले.

कोणी काय वाचावं याबद्दल माझं मत. बीएस्सीला असाल तर कॅरोल आणि ऑस्टली यांचं जाडजूड पुस्तक, किंवा फ्रँक शू यांचं 1982 चं, ते मला जास्त आवडतं कारण त्यात गणिताआधी चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. एमएस्सीला अर्णब राय चौधुरी यांचं, ते फिजिक्सवाल्यांसाठीच लिहिलंय आणि आपल्या अभ्यासक्रमाला धरून आहे. रायबिकी-लाइटमन यांचं पुस्तक प्रारणासाठी, तेही प्रकरणांच्या शेवटचे प्रश्न सोडवणार असाल तरच. पद्मनाभन सर आयुकातच होते, त्यांचे थिअरॉटिकल अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचे तीन खंड 2000 ते 2002 मध्ये आले, ते एकदम अंगावर घेऊ नका, पण पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण, अंदाजाने आकडे काढायचं, ते बीएस्सीच्या मुलांनीही वाचावं. डोंगर किती उंच असू शकतो, तारा किती मोठा, हे सगळं दोन-चार स्थिरांकांवरून कसं काढायचं ते त्यात कळतं. मिस्नर, थॉर्न, व्हीलर यांचं 1973 चं ग्रॅव्हिटेशन साडेबाराशेच्या वर पानांचं आहे, त्यात लेखकांनीच दोन वाटा आखून दिल्यात, पहिल्या वाटेची पानं तेवढी वाचायची, नव्याने शिकणाऱ्याला ती पुरतात.

बारीकसारीक गोष्टी. पेन्सिल आणि वही न्या, पेन पुस्तकाजवळ नकोच. स्वेटर किंवा ओढणी असू द्या, बसून बसून गारठायला होतं. काढलेलं पुस्तक स्वतः शेल्फमध्ये परत लावू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीत ठेवा, चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच समजा. बाहेरच्यांना पुस्तक घरी मिळेल अशी अपेक्षा धरू नका, तुमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना इंटरलायब्ररी लोनचं, म्हणजे एका लायब्ररीने दुसरीकडून पुस्तक मागवायच्या सोयीचं विचारा. झेरॉक्स हवी असेल तर हवी ती पानं सांगा, अख्खं पुस्तक मागून समोरच्याला अडचणीत टाकू नका. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मदत मागितली तर निवांत मिळते. आम्हाला काउंटरवरच्या मॅडमनी आपणहून विचारलं काय शोधताय आणि यादीत नसलेली दोन पुस्तकं काढून दिली. लाजू नका, विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे एवढंच.

एका दिवसात तीन-चारपेक्षा जास्त पुस्तकं होत नाहीत, ठरवूनच जा. विद्यार्थी असाल तर आयुकाच्या व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅमची जाहिरात डोळ्यात तेल घालून बघत राहा, निवड झाली तर सुट्टीत तिथेच राहून संशोधकांच्या हाताखाली काम करता येतं. लहान मुलांना न्यायचं असेल तर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला जा, सगळ्यांना आत सोडतात, पण भयंकर गर्दी असते आणि त्या दिवशी निवांत वाचनाचा विचार सोडून द्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथेही विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, एकाच दिवशी दोन्ही करायला जाऊ नका, रस्त्यातच दिवस जाईल.