तुम्ही विचारलंत म्हणून: संगमावर स्नान केलं का?

२०१९ मध्ये प्रयागराजहून परतले तेव्हापासून हा एकच प्रश्न. "एवढी कुंभाला गेलीस, स्नान केलंस ना?" आता २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ जवळ येतोय, तसा तो पुन्हा सुरू झालाय. नाही केलं. दरवेळी "पाणी फार गार होतं" म्हणून मी वेळ मारून नेते. ते खोटं आहे.

मी श्रद्धेने गेले नव्हते, बघायला गेले होते, आणि त्यात मला आजही गैर वाटत नाही. नदीच्या वाळूत काही आठवड्यांपुरतं एक शहर उभं राहतं, लोखंडी पिंपांवर तरंगणारे पूल, वाळूवर अंथरलेले लोखंडी पत्रे. कल्पवासी महिनाभर एक वेळ जेवून राहतात, तंबूच्या दाराशी तुळस लावतात, जव पेरतात. हे पाहायला भाविकच असावं लागतं का?

४ फेब्रुवारी, मौनी अमावस्या. पहाटे चारला गंगेपलीकडच्या झुंसीकडून पुलावर चढले. फोनवर बोलत होते, तर मागून कुणी बाही ओढली. "बाई, मराठी हाईस का?" साठी-पासष्टीच्या, परभणीकडच्या. गावची मंडळी पुढे गेली होती. मी काही म्हणायच्या आत त्यांनी आपला पदर माझ्या ओढणीला बांधला. "हात सुटतो बाई, गाठ ऱ्हाती." तिथे गावंच्या गावं अशी बांधून चालतात. मग ठरलं: आधी त्या बुडी मारतील, मी कपडे धरेन, नंतर मी, आणि त्या माझे धरतील. कोरड्या लुगड्याची पिशवी त्यांनी तेव्हाच माझ्या खांद्याला अडकवली. तासभर चाललो. त्या सुनेबद्दल, कापसाबद्दल, गुडघ्याबद्दल बोलत होत्या.

घाटाजवळ आखाड्याची मिरवणूक आली. राख फासलेले साधू, भाले, घोडे. मी कॅमेरा उचलला की गाठीने हाताला हिसका बसायचा. "मावशी, एकच मिनिट," म्हणाले आणि गाठ सोडली. त्या काही बोलल्या, मी ऐकलं नाही. चार-पाच फोटो काढले. पोलिसांनी दोर सरकवला, मागून लोंढा आला. वळले तर मावशी नव्हत्या.

उजाडेपर्यंत तिथेच हाका मारल्या. मग भुले-भटके, म्हणजे हरवलेल्यांच्या, शिबिरात गेले. राजाराम तिवारींनी १९४६ मध्ये सुरू केलेलं ते शिबिर. समोरच्या माणसाने वही उघडली. "नाम?" मी विचारलंच नव्हतं. गाव? तेही नाही. नाव-गावाची चिठ्ठी त्यांच्या चंचीत, चंची कमरेला. त्याने मला रागावलं नाही, माईक पुढे केला. "परभणीच्या मावशी, तुमची पिशवी माझ्याकडं आहे, शिबिराशी या." पुन्हा पुन्हा तेच. आजूबाजूला घोंगड्या पांघरलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बसल्या होत्या, प्रत्येकीकडे वळून पाहत होते. आणि त्या कुठेतरी ओल्या लुगड्यात असतील, हे डोक्यातून जाईना. दुपारी दोनपर्यंत थांबले. पाचची गाडी होती. पिशवी तिथे ठेवली आणि निघाले. हो, निघाले.

तेव्हा मनाशी म्हटलं, गावची मंडळी भेटली असतील. बहुधा भेटलीच असतील. मेळ्यात चुकलेली बहुतेक माणसं सापडतात, हे मी लोकांना ठासून सांगत आले. पण २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे त्याच संगमावर चेंगराचेंगरी झाली, सरकारने तीस मृत्यू सांगितले, आणि मी बातम्यांमधली नावं वाचत बसले. सहा वर्षांनी. कुठलं नाव शोधत होते?

नवरा म्हणतो, गर्दीत गाठ बांधणंच धोक्याचं, एक पडली की दुसरीही खाली जाते. सोडलीस ते बरंच केलंस. खरं असेल. पण मी ती त्यासाठी सोडली नव्हती.