डास जाळीतून येत नाहीत, कडेने येतात

आमच्या व्हॅनच्या खिडक्यांना जाळ्या पहिल्यापासून होत्या. जुनी प्रवासी गाडी घेतली, मागच्या सीट काढून पलंग आणि ओटा करून घेतला (याची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्यावी लागते, ते पुराण वेगळं), तेव्हाच बॉडीवाल्याने ॲल्युमिनियमच्या चौकटींत फायबरची जाळी बसवून दिली होती. तरीही कोकणात उतरलो आणि रात्री दिवा घालवला की कानाशी गुणगुण सुरू. नवऱ्याचं ठाम मत, जाळीची भोकं मोठी आहेत, जाळी बदलू. मला ते पटत नव्हतं, कारण सकाळी जाळीला आतून चिकटलेले, पोट लालबुंद झालेले डास दिसायचे. जाळीतून आत येता येत असेल, तर बाहेर जायला त्यांना कोणी अडवलं होतं?

म्हणून आधी हिशोब केला. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी नेहमीची फायबरची जाळी ‘अठरा-सोळा’ची असते, म्हणजे एका इंचात एका बाजूला १८ धागे आणि दुसऱ्या बाजूला १६. धाग्याची जाडी वजा केली की भोक साधारण १.१ बाय १.३ मिलिमीटरचं उरतं. पलंगावर लावायच्या साध्या मच्छरदाणीला चौरस इंचात १५६ भोकं असतात, म्हणजे तिची भोकं याहून मोठी, आणि तरी ती डास अडवते. तेव्हा डासांच्या बाबतीत जाळी निर्दोष होती. घुंगुरटी मात्र वेगळी जात. ती एक ते तीन मिलिमीटर लांबीची, अंगाने बारीक, आणि या जाळीतून आरामात आत येतात. त्यांच्यासाठी जाळी बारीकच हवी, पण जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी. मे महिन्यात समुद्रकाठी बंद गाडीत झोपून पाहा, मग चावणं बरं की घामाघूम होणं बरं, हा प्रश्न खरोखरच पडतो. आम्ही चौकटीतल्या जाळ्या तशाच ठेवल्या आणि पलंगाजवळच्या दोन खिडक्यांपुरता बारीक जाळीचा काढता-घालता येणारा पडदा करायचं ठरवलं.

पण आधी फटी शोधायच्या होत्या. त्यासाठी दोन युक्त्या. पहिली उजेडाची. अंधाऱ्या जागी गाडी उभी करून आतले सगळे दिवे लावायचे, पडदे काढायचे आणि बाहेरून सावकाश फेरी मारायची. चौकटीच्या कडेने जिथे उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा. याने सरळ फटी सापडतात, वळणाच्या नाही, कारण उजेड वळत नाही आणि डास वळतो. म्हणून दुसरी युक्ती उदबत्तीची. दारं-खिडक्या बंद करून छताच्या भोकात बसवलेला, हवा आत किंवा बाहेर फेकणारा पंखा बाहेर फेकण्यावर ठेवायचा आणि पेटती उदबत्ती खिडकीच्या चारही कडांवरून आतल्या बाजूने हळूहळू फिरवायची. जिथून हवा आत शिरते तिथे धूर एकदम आतल्या दिशेला ढकलला जातो. त्या संध्याकाळी गाडीला देवघराचा वास येत होता आणि नवरा टेप घेऊन माझ्या मागे. खिडक्यांच्या कडा अपेक्षित होत्याच. पण सिंकच्या नळीभोवती, मागच्या दाराच्या रबराच्या कोपऱ्यात आणि जुन्या स्पीकरच्या भोकातूनही धूर मागे फिरला. खिडक्या कितीही नीट केल्या असत्या तरी स्पीकरचा दरवाजा उघडाच राहिला असता.

आता खिडकी. सरकत्या काचांच्या खिडकीत सगळ्यात फसवी जागा म्हणजे दोन काचा जिथे एकमेकींवर येतात ती. काच पूर्ण बंद असेल किंवा पूर्ण उघडी असेल तर जाळीची उभी पट्टी काचेच्या उभ्या पट्टीसमोर येते आणि वाट बंद होते. काच अर्धी उघडली की या दोन पट्ट्या एकमेकींना सोडून जातात, आणि काच आणि जाळी यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक उभी गल्ली तयार होते. रात्री गारवा वाढला की आपण काच अर्धी ओढतो, म्हणजे नेमकी डासांच्या वेळेला ही गल्ली उघडी. घरातल्या सरकत्या खिडक्यांतही हेच होतं. ज्यांच्याकडे जाळी असूनही डास येतात त्यांनी आज रात्री पाहावं.

ही फट बुजवायला वुलपाइल लागते. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत केसाळ पट्टी असते ना, तीच. ती वेगवेगळ्या उंचीची मिळते, म्हणून फट किती आहे ते आधी मोजावं लागतं, आणि तिथे मोजपट्टी घालून मोजता येत नाही. मी घट्ट कणीक मळली, छोट्या गोळ्या करून फटीत ठेवल्या, काच सरकवली, परत मागे घेतली आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. एकाच खिडकीत खाली ३ मिलिमीटर आणि वर ५ भरली, कारण चौकट वर्षानुवर्षं गाडीबरोबर हादरून थोडी तिरकी झाली होती. (मोजून झालं की कणकेचा कण न कण काढा, नाहीतर डास जातील आणि मुंग्या येतील.)

पुण्यात अशा वस्तूंसाठी बोहरी आळी. तिथल्या दुकानदाराने विचारलं, “ताई, किती एमएमची देऊ?” मी दोन वेगवेगळी मापं सांगितल्यावर त्याने मान वर करून पाहिलं. “एकाच खिडकीला दोन? सगळीकडे मोठी लावा की.” मोठी लावली तर खालच्या बाजूला काच इतकी घट्ट होते की रात्री झोपेत ती सरकवता येत नाही, हे मी सांगितल्यावर तो हसला आणि आतून आणखी एक प्रकार काढून दाखवला. त्याच्या केसांच्या मधोमध प्लॅस्टिकची पातळ उभी पट्टी होती. साध्या वुलपाइलच्या केसांतून बारीक किडा वाट काढतो, या मधल्या पट्टीला तो अडतो. घ्यायची तर हीच, आणि उंची फटीपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त, म्हणजे दाबून बसते पण अडकत नाही.

खालच्या खाचेचं प्रकरण जास्त नाजूक. तिथे पाणी निघून जायला बाहेरच्या बाजूने छोटी चिरेवजा भोकं असतात. उदबत्तीने ती सगळी दाखवली होती. एका काचवाल्याने सरळ सांगितलं, “सिलिकॉन मारून टाका, पाच मिनिटांचं काम.” ते मी करू दिलं नाही. ताम्हिणीतून पावसात एकदा गाडी न्या म्हणजे कळेल, खाचेत किती पाणी जमतं. भोकं बुजवली की ते पाणी आतल्या बाजूने ओसंडून प्लायवूडमध्ये उतरणार. डासाला अडवायचं आणि पाण्याला सोडायचं, तर जाळीच हवी. चहाच्या दोन जुन्या स्टीलच्या गाळण्या कात्रीने कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि प्रत्येक भोकावर बाहेरून बसवले. चिकटवायला सिलिकॉन वापरलं, पण फक्त दोन टोकांना एकेक थेंब, आणि तेही न्यूट्रल प्रकारचं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते ॲल्युमिनियमला खातं. पावसाळ्यात या तुकड्यांवर माती बसते, जुना टूथब्रश फिरवावा लागतो.

बारीक जाळीच्या पडद्याला सर्वात जास्त वेळ गेला. चौकट करून लावावी म्हटलं तर गाडीची भिंत सरळ नसते, वरच्या बाजूला आत झुकलेली असते. सपाट चौकट चारही कोपऱ्यांना टेकली तरी मध्ये बोटभर उचललेली राहते. लोहचुंबकाची पट्टी पत्र्याला धरते, पण खिडकीच्या ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि आमच्या खिडकीभोवती आतून प्लायवूड. उरलं वेल्क्रो. ते वाकतं, भिंतीच्या वळणाबरोबर जातं. पण त्याचा गोंद उन्हाला भितो. मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत सहज ५०-६० अंश होतात, गोंद लोण्यासारखा मऊ होतो आणि पट्टी आपल्या वजनाने खाली घसरते. म्हणून प्लायवूडवर काटेरी पट्टी चिकटवून वर दर चार बोटांवर छोट्या पिनाही मारल्या. मऊ पट्टी कुशनवाल्या चाचांकडून जाळीच्या रेग्झीनच्या काठाला शिवून घेतली. चाचांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, “कोपऱ्यात दोन पट्ट्या एकीला एक टेकवून नका लावू, एकीवर एक चढवा.” टेकवलेल्या पट्ट्यांमध्ये कोपऱ्यात मोहरीएवढी जागा राहते, आणि चारही कोपऱ्यांत ती राहिली की पडदा लावल्याचं समाधान फक्त आपल्याला.

पडदा जाळीपासून थोडा दूर, म्हणजे आतल्या बाजूने चार-पाच सेंटिमीटर सोडून बसवला. झोपेत कोपर जाळीला टेकलं की डासाला आत यायची गरजच राहत नाही, तो बाहेरूनच सोंड घालतो.

एवढं करून सिंकच्या नळीला फोमची गुंडाळी, स्पीकरच्या भोकाला झाकण, मागच्या दाराला नवं रबर. फक्त एका भोकाला हात लावला नाही. गॅसच्या टाकीच्या कप्प्यात जमिनीला जे भोक आहे ते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि त्याला बाहेर पडायला तेवढीच वाट आहे. त्यावर फक्त स्टीलची जाळी, दुसरं काहीही नाही. उत्साहाच्या भरात गाडी डब्यासारखी हवाबंद करणारे लोक मी पाहिले आहेत. आत गॅसवर स्वयंपाक होत असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

फटी कमी झाल्यावर पंख्याची दिशा फार महत्त्वाची आहे हे लक्षात आलं. पंखा हवा बाहेर फेकत असेल तर तेवढीच हवा उरलेल्या प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, आणि फटीजवळ घोटाळणारा डास तिच्याबरोबर. पंखा उलटा फिरवला की तो वरून, स्वतःच्या जाळीतून, हवा आत घेतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेर जाते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत डास त्या हवेच्या मागावर खिडकीपर्यंत येतातच, पण तिथे जाळी असते. आता स्वयंपाक होईपर्यंत पंखा बाहेर फेकतो, भांडी घासून झाली की आत. दिवेही पिवळे केले. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं पांढऱ्या दिव्यावर जशी तुटून पडायची तशी आता येत नाहीत.

खरी परीक्षा केळशीला झाली. एका घरगुती खाणावळीच्या वाडीत गाडी लावायची परवानगी होती. माडांच्या आळ्यांत पाणी साचलेलं, म्हणजे डासांचं माहेर. मी गाडी सावलीला, खाडीच्या बाजूला लावत होते तर काकू ओट्यावरून ओरडल्या, “तिकडं नको गं! सांजचा वारा पडला की खाडीकडनं चिलटं उठतात. इकडं पुढं घे, वारा लागेल.” त्यांचं बरोबर होतं. डास आणि घुंगुरटी उडण्यात कच्ची, थोडासा वारा असला तरी त्यांना जमत नाही. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळी थांबतो आणि रात्री उलटा, जमिनीकडून वाहू लागतो. मधला तासभर हवा निपचित, तोच त्यांचा काळ. त्या वेळेला दार उघडं टाकायचं नाही, एवढा नियम आम्ही पाळला.

रात्री बारीक पडदा एका खिडकीला मुद्दाम लावला नाही, फरक कळावा म्हणून. सकाळी त्या बाजूला झोपलेल्या नवऱ्याच्या पायावर घुंगुरट्यांचे लाल ठिपके होते, माझ्या बाजूला नव्हते. डास मात्र दोन्हीकडे नव्हते. म्हणजे डासांना कडेने अडवलं होतं, घुंगुरट्यांना जाळीने.

सरकत्या दाराचा प्रश्न अजून राहिलाय. रात्री एकदा तरी कोणी ना कोणी उतरतंच, आणि ते दार उघडलं की अख्खी भिंतच बाजूला होते. मधोमध चुंबक असलेले पडदे बाजारात मिळतात, पण ते खाली जमिनीला टेकत नाहीत आणि पायरीवर हात-दीड हात वाट राहते. चाचांकडे खाली वजनाची साखळी शिवून घ्यायचा विचार आहे. कोणी केलं असेल तर साखळी किती जड घेतली, ते सांगा.