बारा ते दोन

आईला बारा वाजता उजव्या कुशीवर वळवलं. आता दोनला डावीकडे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गेले चार महिने दर दोन तासांनी हेच चाललंय.

मधल्या वेळात गिदो व्हान डर वेर्व्हे या डच कलावंताचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, आवाज अगदी बारीक ठेवून. २००७ च्या एप्रिलमध्ये तो थेट उत्तर ध्रुवावर चोवीस तास उभा राहिला. पृथ्वी एकीकडे फिरत होती आणि हा तितक्याच सावकाश उलट बाजूला वळत होता. एक दिवस जगाबरोबर फिरायचंच नाही! टाइमलॅप्समुळे त्या चोवीस तासांची जेमतेम नऊ मिनिटं झाली आहेत. मागे त्याचंच पियानोचं संगीत. सूर्य मावळत नाही, आणि सावली त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते.

हे फक्त ध्रुवावरच जमतं. इथे पुण्यात पृथ्वी मला तासाला सुमारे १५८० किलोमीटर वेगानं ओढत नेते आहे. उलटं जायचं म्हटलं तर विमानही पुरायचं नाही. ध्रुवावर तो वेग शून्य होतो, माणूस उभ्या जागी नुसता वळतो. तिथे पायाखाली जमीनही नाही, वाहता बर्फ आहे आणि त्याखाली चारेक किलोमीटर खोल समुद्र.

त्याच वर्षीचा त्याचा दुसरा व्हिडिओ लोकांना जास्त आठवतो. गोठलेल्या बोथनियाच्या आखातात हा पुढे चालतोय आणि बर्फ फोडणारं अजस्र जहाज मागे. मला तो बघवत नाही. सारखं वाटतं, हा आता मागे वळून पाहील.

ध्रुवावरचा मात्र मला जवळचा वाटतो. एकटेपणा म्हटलं की ओसाड बर्फच डोळ्यांपुढे येतो, पण त्याचं एकटेपण मला त्या वळण्यात दिसतं. क्षणभर पाहिलं तर तो हललाय हे कळतही नाही. गळून गेला असेल, पाय बधिर झाले असतील, तरी पुढचं एवढंसं वळण घ्यायचंच. नऊ मिनिटांत त्यातलं काही दिसत नाही. माझ्याही रात्रींचं तेच होतं. सकाळी ताई फोनवर विचारते, "झोपली का गं नीट?" आणि मी "हो" म्हणते.

दोनला पाच कमी आहेत. उशी आधी गुडघ्यांमध्ये, मग पाठीशी. हात गार आहेत, चोळून घेते.