तेरला गेलात तर त्रिविक्रमाच्या मागच्या बाजूला नक्की जा

लातूरहून सकाळी सातलाच निघालो, मी आन मामा. तेर म्हटलं की आमच्याकडं आधी गोरोबाकाका, म्हणून पहिल्यांदा तेरणाकाठी समाधीचं दर्शन घेतलं आणि मग त्रिविक्रमाकडं वळलो.

समोरून मंदिर साधंच वाटतं. सपाट छताचा मंडप, आत त्रिविक्रमाची काळ्या पाषाणाची मूर्ती, एक पाय वर उचललेला. बरेच जण दर्शन घेऊन तिथूनच फिरतात, लई वाईट वाटतं बघून. तुम्ही मंडपापासून जरा लांब उभं राहून वर बघा, छताच्या मागं घोड्याच्या नालासारखी कमान दिसंल. मग वळसा घालून मागं जा. मागची भिंत अर्धगोल फिरलीय, वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं, आणि सगळं काम विटांचं! म्हणजे अजिंठा-वेरूळला डोंगर पोखरून जो चैत्य (बौद्धांचं प्रार्थनागृह) केलाय तोच आकार, पण इथं मोकळ्या जमिनीवर विटा रचून. असलं शाबूत बांधकाम देशात फारच थोडं उरलंय, आंध्रातलं चेझर्ल्याचं कपोतेश्वर त्यातलंच एक. मूळचा हा बौद्ध चैत्य, अभ्यासक साधारण पाचव्या शतकाच्या आसपासचा मानतात, मंडप नंतर जोडलेला. मी तर अर्धा तास त्या गोल भिंतीपाशीच होतो, मामा हाका मारून दमले.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर आहे असं लिहिलंय, इथलं कापड गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. आपल्या मराठवाड्यातलं एवढं मोठं पेठेचं गाव, आणि आपल्याच पोरांना माहीत नाही.

गावातलं लामतुरे संग्रहालय चुकवू नका. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावात सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या त्यातून ते उभं राहिलं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तिथं आहे, ती बघून मग उत्तरेश्वरला जा, ते पण विटांचंच.

धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटर. संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असतं ते निघायच्या आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात जात असाल तर दहाच्या आत मंदिर उरका, पाणी बरोबर ठेवा. गाभाऱ्यात फोटो काढायचा तर पुजाऱ्यांना आधी विचारा, आणि त्या जुन्या विटांना टेकून सेल्फी काढू नका, कडा झिजल्यात.