कंटाळा, वसुली आणि एक वही : ऑप्शन ट्रेडिंगमधला माझा अनुभव

तारकर्लीला आमच्या तीन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. मे संपेपर्यंत पाठ टेकायला सवड नसते. मग पाऊस लागतो, बोटी वर ओढून झाकून ठेवतात, स्कूबावाले बंद होतात आणि घर एकदम गप्प होतं. २०२२ च्या तशाच पावसाळ्यात मी ऑप्शन ट्रेडिंग शिकले. हिशेब मला पहिल्यापासून आवडतो, खोल्यांचा जमाखर्च मीच लिहिते. कॉल (भाव चढेल यावरचा सौदा), पुट (भाव पडेल यावरचा), स्ट्राइक (सौद्यात ठरलेला भाव), थीटा (दिवसागणिक ऑप्शनची घटत जाणारी किंमत) हे समजायला जड गेलं नाही. प्रीमियम म्हणजे ऑप्शन घेताना मोजायची रक्कम, आपल्याकडच्या विसारासारखी, सौदा पुरा झाला नाही तर तेवढीच जाते. ‘फक्त विसारच जाणार’ या वाक्याचा मला फार आधार वाटायचा. तो विसार आठवड्यातून पाच दिवस देत राहिलं तर काय होतं, ते मी मोजलं नव्हतं.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ तारखेला, निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, ७३३ अंकांनी वर बंद झाला. सकाळी मी काहीच घेतलं नव्हतं आणि दिवसभर ‘राहिलं, राहिलं’ एवढंच डोक्यात चालू होतं. तीन वाजता २३,५०० चा कॉल घेतला, गुरुवारच्या एक्स्पायरीचा (त्या दिवशी मुदत संपणारा), १८० रुपयांच्या आसपास. ऑप्शन सुटे मिळत नाहीत, गठ्ठ्याने म्हणजे लॉटने घ्यावे लागतात, आणि तेव्हा लॉट २५ चा होता. मी आठ लॉट घेतले, म्हणजे ३६ हजार रुपये. मे महिन्याच्या बुकिंगमधून मागच्या खोलीच्या छपरासाठी बाजूला काढलेले.

मंगळवारी मतमोजणी. निफ्टी त्या एका दिवसात जवळजवळ ६ टक्के पडला. बाजार उघडल्यावर मी बाहेर पडू शकले असते, काहीतरी हाती लागलं असतं. ते न करता ४० रुपयांच्या भावाने आणखी ४०० कॉल (१६ लॉट) घेतले, ‘ॲव्हरेज’ म्हणून, खरेदीचा सरासरी भाव खाली यावा म्हणून. दुपारी तेही विरघळलं, तेव्हा ३० हजारांचे पुट घेतले. घाबरलेल्या बाजारात प्रीमियम किती फुगलेला असतो हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं. तरी घेतले आणि रात्रभर ठेवले. ५ जूनला निफ्टी ७०० हून अधिक अंकांनी वर आला, व्हीआयएक्स, म्हणजे बाजाराच्या भीतीचा आकडा, खाली आला, आणि माझा पुट दोन्ही बाजूंनी गळाला. दोन दिवसांत ७० हजारांवर गेले.

त्या दुपारी मुलाने पाण्याचा तांब्या सांडला आणि मी त्याला फटका मारला. त्याआधी कधीच मारलं नव्हतं. तो रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला.

पडवीत आबा, माझे सासरे, बसले होते. आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेला माणूस. ‘काय झाला गो?’ म्हणाले, आणि ह्यांच्याआधी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ऑप्शन म्हणजे काय ते त्यांना कळलं असेल असं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘आज गेला ता आजच परत कित्याक व्हया?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. रापण रिकामी आली की त्या दिवसाचा वाटा शून्य, असे दिवस त्यांनी कितीतरी काढले होते. रात्री ह्यांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. छपरावर निळी ताडपत्री आली आणि पावसाळाभर तीच राहिली.

खरं वळण मात्र जुलैमध्ये आलं, आणि तेही इन्कम टॅक्समुळे. कुडाळच्या सीएंनी विचारलं, ‘एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन, केलंय का? मग आयटीआर-३, धंद्याच्या उत्पन्नाचा रिटर्न, भरावा लागेल, टॅक्स पी अँड एल, म्हणजे वर्षाचा नफा-तोटा, काढून आणा.’ हे आधीच्या, २०२३-२४ च्या वर्षाचं होतं, म्हणजे जूनचा फटका यात नव्हताच. त्या वर्षी १५-२० हजार गेले असतील अशी माझी समजूत होती. कागदावर १,१२,००० निघाले. त्यातले २३ हजार तर नुसती ब्रोकरेज, एसटीटी (व्यवहारावरचा कर), जीएसटी आणि बाकीचे आकार. फायद्याचे दिवस मला तारखेसकट पाठ होते. तोट्याचे छोटे छोटे दिवस मी विसरत गेले होते.

मग वर्षभराचं ट्रेडबुक, म्हणजे सगळ्या व्यवहारांची यादी, छापून आणलं. २१४ व्यवहार. मुलाची अर्धी उरलेली वही घेतली आणि प्रत्येक व्यवहारासमोर तो का केला ते एका शब्दात लिहायला बसले. याला नऊ दिवस लागले. काही समोर हात थांबायचा, उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचे. शेवटी चारच शब्द उरले : नियमाने, राहून जाईल, वसुली, कंटाळा.

‘नियमाने’ फक्त ३१. वसुली, म्हणजे आधीचे गेलेले लगेच परत आणायला केलेले, ते सगळ्यात महाग पडले होते. त्यातल्या बहुतेकांत मी लॉट दुप्पट केले होते. पण संख्येने सगळ्यात जास्त निघाला तो कंटाळा. जून ते सप्टेंबर, दुपारी दीड ते तीन, बाहेर पाऊस, घरात गिऱ्हाईक नाही. भीती आणि लोभ आवरा असं जो तो सांगतो, मीही तेवढंच आवरत बसले होते. माझा आजार तिसराच होता, आणि तो माझ्याच तारखांनी मला दाखवला. म्हणून कुणी विचारलं की मी हेच सांगते : मन कसं आवरायचं याचे व्हिडिओ नंतर बघा, आधी स्वतःचं ट्रेडबुक छापा.

उपाय साधे केले. ट्रेडिंगचं बँक खातं वेगळं, त्यात महिन्याला ठरलेली रक्कम, वर एक रुपया नाही. दिवसात एक तोटा झाला की ॲपमधून एफ अँड ओ विभाग त्या दिवसापुरता बंद करते, तशी सोय असते. व्यवहार घेतला की त्याच मिनिटाला स्टॉपलॉसची, म्हणजे ठरलेल्या तोट्याला आपोआप बाहेर पडण्याची, ऑर्डर टाकते. इथे तर ते हवंच. पावसात लाईट जाते, पाठोपाठ टॉवर जातो, आणि चालू पोझिशन हातात धरून नेटवर्कसाठी समुद्राकडे पळणं मी अनुभवलं आहे. दुपारी दीडनंतर फोन आबांच्या खोलीत. सगळ्यात कठीण हेच गेलं. पहिले पंधरा दिवस हात आपोआप कनवटीला जायचा. त्या वेळात मी कोकमाचं आगळ भरायला घेतलं, आता त्याचीही थोडी विक्री होते.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक धडा मिळाला. एका बँकेच्या शेअरचा कॉल मी एक्स्पायरीच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवला होता, लॉट दीड हजारांचा. शेअरचे ऑप्शन इन द मनी (फायद्याच्या बाजूला) राहिले तर पैशांवर मिटत नाहीत, शेअर प्रत्यक्ष घ्यावे लागतात, आणि शेवटच्या चार दिवसांत मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) चढत जातं. बारा हजारांच्या प्रीमियममागे नऊ लाखांचे शेअर उभे होते. दोन दिवस आधी निघाले. आता एक्स्पायरीच्या आठवड्यात मी शेअरचा ऑप्शन हातात ठेवत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा, शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा, अभ्यास आला : तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे २ लाख. वाचून मला आधी हलकं वाटलं, आपण एकटे नाही म्हणून. मग त्या हलकं वाटण्याचीच भीती वाटली. नोव्हेंबरपासूनच्या नव्या करारांना निफ्टीचा लॉट ७५ चा झाला, तेव्हा माझ्या ठरलेल्या रकमेत तो बसेना, आणि साप्ताहिक ऑप्शन मी सोडले. आता महिन्याला दोन-तीन व्यवहार. कधी थोडं मिळतं, कधी जातं. बचत गटातल्या बायका शिकव म्हणतात, त्यांना मी ती वही वाचायला देते. अजून एकीनेही खातं उघडलेलं नाही आणि मला त्याचा आनंद आहे.

२०२३-२४ चा तो १,१२,००० चा तोटा आम्ही ३१ जुलै २०२४ च्या आत रिटर्नमध्ये दाखवला. मुदतीत दाखवला तर आठ वर्षं पुढे नेता येतो. माझ्या नावावर दुसरं उत्पन्न एफडीच्या व्याजाचं, ते वजा जाऊन उरलेला आकडा दर वर्षी रिटर्नच्या वेळी पुन्हा समोर येतो. गेल्या वर्षी रिटर्न भरताना हे शेजारी येऊन बसले, आकडा बघितला आणि म्हणाले, ‘वही आण, नवीन पानं बघूया.’