आमची वाटचाल: बोटांना कळणारा इंटरनेट रेडिओ

उतारवयात दृष्टी गेलेल्यांसाठी आम्ही इंटरनेट रेडिओ बनवतो. मोबाइलवर सगळी स्टेशनं मिळतात, मग वेगळा डबा कशाला, असं चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ज्यांना टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय, सफाईने वापरता येतं त्यांना आम्ही सरळ सांगतो, घेऊ नका. आमचा ग्राहक वेगळा आहे. काचबिंदूने किंवा मधुमेहाने साठीनंतर दृष्टी गेलेला माणूस गुळगुळीत काचेवर दोन बोटं सरकवायला शिकत नाही. ब्रेल तर त्याला बहुधा येतच नाही. मधुमेह जुना असेल तर बोटांच्या टोकांची संवेदनाही मंदावलेली असू शकते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर उंचीचे ब्रेलचे ठिपके लावून काम भागत नाही. आमच्या डब्यावरच्या खुणा तीन मिलिमीटर उंच आहेत, त्या यामुळेच.

सुरुवातीची यंत्रं रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या संगणक-बोर्डवर होती, आत एमपीडी हा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा प्लेअर. प्रोग्राम लिहायला हे सगळ्यात सोपं. पण रेडिओ बंद करायचा म्हणजे भिंतीवरचं बटण दाबायचं, ही आपल्याकडची सवय, आणि वीज कधी जाईल याचाही नेम नाही. लिहिणं चालू असताना वीज तुटली की मेमरी कार्डावरची फाइल-रचना बिघडते आणि पुढच्या वेळी यंत्र उठतच नाही. कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडून, बदल रॅममध्ये ठेवून यावर तोडगा निघतो. तरी चालू व्हायला लागणारा अर्ध्या मिनिटाचा वेळ उरतोच. बटण दाबल्यावर तेवढा वेळ शांतता असेल, तर न दिसणारा माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि तेव्हाच घोळ होतो. म्हणून ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिपकडे वळलो. तिच्यावर लिनक्स नाही, दोन सेकंदांत ती बोलायला लागते आणि वीज तोडल्याने तिचं काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलं ते स्टेशन निवडायच्या नॉबवर. बाजारातल्या रेडिओंना एन्कोडर, म्हणजे गोल फिरत राहणारा नॉब, असतो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. पडद्यावर नाव दिसणाऱ्याला ते चालतं, बोटांना मात्र आपण कुठे आहोत हे कधीच कळत नाही. आम्ही बारा घरांचा खटक्याचा रोटरी स्विच लावतो. दोन्ही टोकांना तो अडतो. डावीकडे टोकाला नेऊन तीन खटके मोजले की चौथं स्टेशन. यंत्र बंद असलं तरी ते कुठे आहे हे हाताला कळतं. पहिली दहा घरं स्टेशनांची, अकराव्यात कार्डावरची ध्वनिपुस्तकं, बाराव्यात यंत्र स्वतःची हालहवाल सांगतं: वेळ, बॅटरी, वायफाय.

हा स्विच चिपच्या एकाच पिनवर, व्होल्टेज मोजून वाचता येतो. बारा घरांमध्ये १ किलोओहमचे अकरा रेझिस्टर ओळीने, जमिनीच्या (ग्राउंडच्या) टोकाला १.५ किलोओहम, ३.३ व्होल्टच्या टोकाला ४.७ किलोओहम. मग घरं सुमारे ०.२९ ते २.४ व्होल्टच्या पट्ट्यात बसतात आणि दोन घरांत ०.१९ व्होल्टचं अंतर राहतं. टोकांचे हे दोन रेझिस्टर वाचवू नका. ईएसपी-३२ चं मोजमाप शून्याजवळ आणि कमाल व्होल्टेजजवळ वाकडं असतं, शेवटची घरं एकमेकांत मिसळतात. चिपमध्ये एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजणारे भाग, दोन आहेत. पिन पहिल्या एडीसीचीच घ्यायची, कारण वायफाय चालू असताना दुसरा एडीसी वापरता येत नाही. स्विचच्या फिरणाऱ्या पात्यापासून जमिनीला ४७० किलोओहम लावला की दोन खटक्यांच्या मधल्या क्षणी शून्य वाचलं जातं, ते सोडून द्यायचं. वाचन दीडशे मिलिसेकंद स्थिर राहिलं की मगच नाव बोलायचं. नाहीतर नॉब भरभर फिरवताना मधल्या प्रत्येक स्टेशनचा अर्धामुर्धा उच्चार ऐकू येतो.

आवाज कमी-जास्त करायला साधा १० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. यात एक मेख आहे: कुणी आवाज शून्यावर नेला तर बोलणंही ऐकू येत नाही आणि यंत्र मेलं असं वाटतं. म्हणून सूचनांच्या आवाजाला एक किमान पातळी ठेवली आहे, ती पॉटच्या ताब्यात नाही. ईस्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आहे, पण कान थकलेल्या माणसाला तो यांत्रिक उच्चार पकडता येत नाही, म्हणून सूचना माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या आहेत. दोन-दोन सेकंदांची शंभर वाक्यं ३२ केबीपीएसला (सेकंदाला ३२ किलोबिट) ८०० केबीत मावतात. ‘आपण निवडलेलं स्टेशन आहे’ वगैरे प्रस्तावना नाही, नाव आधी. आणि कोणताही खटका फिरला की चालू वाक्य तिथल्या तिथे तुटलं पाहिजे.

विजेच्या बाजूने सांगायचं तर स्वस्त बोर्डांवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (चिपला लागणारे स्थिर ३.३ व्होल्ट देणारा भाग) बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात टाळा. त्याला आत येणारा दाब सव्वा व्होल्टने तरी जास्त लागतो, आणि लिथियम सेल पूर्ण भरलेला, ४.२ वर असला तरी ३.३ व्होल्ट निघत नाहीत. वायफायने जोर लावला की चिप आपोआप रीसेट होते, म्हणजे यंत्र पहिल्यापासून चालू होतं. ग्राहक सांगतो, ‘गाणं मध्येच तुटतं आणि नमस्कार म्हणतो.’ कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर आणि चिपजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने ही तक्रार मिटते. हे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. स्विच मात्र हातात घेऊन, फिरवून बघूनच निवडावा.

वायफाय जोडणं ही घरच्यांची डोकेदुखी. यंत्राने स्वतःचं नेटवर्क उघडायचं आणि फोनवर पान भरायचं, ही रूढ पद्धत टॉकबॅकवर अडखळते, कारण त्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असं पाहून फोन मोबाइल डेटावर परत उडी मारतो. पासवर्डशिवाय जोडून देणारं राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण फोनच्या हॉटस्पॉटला नसतं. त्यामुळे ऑर्डर घेतानाच घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड विचारून ते भरून पाठवतो. शिवाय एक ठरलेलं हॉटस्पॉटचं नाव यंत्राला कायम ठाऊक असतं. फोन आयफोन असेल तर हॉटस्पॉटमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू हवं, एरवी तो ५ गिगाहर्ट्झवर राहू शकतो आणि आमच्या चिपला फक्त २.४ दिसतं. वीज गेली-आली की राउटर उठायला एक-दोन मिनिटं घेतो, रेडिओ आधीच तयार असतो. तेवढ्यात तो ‘नेट नाही’ म्हणाला तर फोन आमच्याकडे येतो, म्हणून तीन मिनिटं तो फक्त ‘थांबा, जोडतोय’ म्हणतो.

डेटाचा हिशेब: ६४ केबीपीएसचं स्टेशन तासाला २८.८ एमबी खातं, रोज पाच तास ऐकलं तर महिन्याला सव्वाचार जीबीच्या आसपास. तीस सेकंदांचा साठा ठेवायचा तर २४० केबी लागतात आणि चिपच्या स्वतःच्या ५२० केबीत तेवढी मोकळी जागा उरत नाही, म्हणून पीएसरॅम, म्हणजे जादा मेमरी, असलेलंच मॉड्यूल घ्यावं. काही स्टेशनांचं, एचएलएस नावाच्या पद्धतीचं प्रसारण तुकड्यातुकड्यांनी येतं आणि अर्धा मिनिट सहज मागे असतं. त्यावरचे वेळेचे ठोके ऐकून घड्याळ लावू नये, बाराव्या घरात जाऊन वेळ ऐकावी. ती एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेकडून येते.

स्टेशनांचे पत्ते बदलत राहतात. २०२३ मध्ये बीबीसीने जुने एमपी३ प्रवाह बंद केले तेव्हा जगभर अनेक रेडिओ त्या स्टेशनांपुरते मुके झाले. त्याआधी २०२१ मध्ये रेसिव्हा ही याद्या पुरवणारी सेवाच थांबली आणि तिच्यावर विसंबलेल्या चांगल्या, धडधाकट यंत्रांना स्टेशन सापडेना. आमचा सर्व्हर रोज प्रत्येक पत्ता दहा सेकंद वाजवून पाहतो, आवाज येतोय की नुसती शांतता हे एफएफएमपेग हा प्रोग्राम सांगतो. सुधारलेली यादी यंत्र चालू होताना उतरवून घेतं आणि आत जपून ठेवतं. आमचा सर्व्हर बंद पडला तर शेवटची यादी चालते. आम्हीच बंद पडलो, तर मेमरी कार्डावर एका साध्या मजकूर फाइलमध्ये पत्ते ओळीने लिहून घातले की यंत्र तेच वापरतं. पहिल्या ओळीचं स्टेशन पहिल्या खटक्यावर. ही सोय विक्रीत कुणी विचारत नाही, तरी प्रत्येक यंत्रात आहे.

दुरुस्तीला येतात ते बहुतेक पॉट. रत्नागिरी, गोव्याकडच्या दमट हवेत ते खरखरतात. पॉट सोल्डर न करता तीन पिनांच्या कनेक्टरवर बसवलाय, जवळचा टीव्ही मेकॅनिकही बदलू शकतो. ५ गिगाहर्ट्झची मागणी वाढते आहे आणि ईएसपी-३२ सी५ या नव्या चिपमध्ये ते आहेही, पण जुन्या जाड भिंतींच्या घरात २.४ जास्त आत पोहोचतं, त्यामुळे तूर्त बोर्ड तोच.