होबी १६: किक-अप सुकाणूंची पावसाळ्यानंतरची जुळणी

होबी १६ ही दोन हलांची (शेजारी-शेजारी तरंगणाऱ्या दोन अंगांची) शिडाची होडी. तिचे दोन्ही सुकाणू उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पिना-बुश तपासून पुन्हा चढवले. डावा आता मनासारखा बसतोय, उजव्याचं काम अजून चालू आहे.

अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात, तेव्हा तिथलं पाणी किती उथळ ते वेगळं सांगायला नको. होबी १६ ला सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात जाणारी उभी फळी) नाही. दोन्ही हलांचा एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने चपटा आकारच होडीला आडवं सरकण्यापासून अडवतो. त्यामुळे वाळूला पहिल्यांदा टेकतात ती सुकाणूंची पाती. होबी आल्टर आणि फिल एडवर्ड्स यांनी ही होडी कॅलिफोर्नियात, थेट किनाऱ्यावरून लाटांत घालण्यासाठीच आखली. वाळूला लागल्यावर पातं आपोआप वर उचललं जाणं हा या आखणीचा गाभा आहे.

टिलर (सुकाणू वळवायचा दांडा) जड लागला की बरेच जण आधी स्प्रिंगचा स्क्रू आवळतात. माझं ठाम मत आहे की स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी लावावा. किती जोराचा धक्का बसल्यावर पातं उचललं जाईल, एवढंच स्प्रिंग ठरवते. टिलर हलका की जड, हे बहुतेक वेळा पात्याच्या कोनावर असतं. मास्ट (डोलकाठी) किती मागे कलवलाय याचाही भाग असतो, पण सुरुवात पात्यापासून करावी.

म्हणून मी आधी प्ले (सांध्यातली ढिलाई) काढला. गजनमधले (सुकाणूची पिन धरणाऱ्या कड्यांमधले) बुश घासले होते, ते बदलले. मग पातं खाली लॉक करून सुकाणूच्या पिनेच्या रेषेत एक सरळ पट्टी धरली. पात्याची पुढची कड त्या रेषेला समांतर, किंवा खाली किंचित पुढे यायला हवी. डावं पातं मागे रेललेलं निघालं. वर कास्टिंगपाशी (पातं धरणाऱ्या ओतीव भागापाशी) एक-दोन मिलिमीटरची ढिलाई खाली टोकाला बोटभर होते, आणि तेवढ्याने पाण्याचा सगळा भार टिलरवर येतो. माझी कास्टिंग जुन्या पद्धतीची, त्यांत कोन बदलायचा स्क्रू नाही. त्यामुळे पात्यातलं भोक इपॉक्सीने भरून, पूर्ण कडक होऊ देऊन, नव्या जागी पाडलं. ड्रिल काटकोनात राहील याची फार काळजी घेतली, कारण भोक तिरकं गेलं तर पातं पिळलेलं बसतं. नंतर वाऱ्यावर नेली तेव्हा दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात, दोन्ही शिडं ताणलेली असतानाही टिलर दोन बोटांत राहिला. फार आनंद झाला!

दोन्ही पाती समांतर आहेत ना, हे मोजणं सोपं आहे. दोन्ही लॉक करायची, पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर एकाच उंचीवर घ्यायचं. फरक तीन मिलिमीटरच्या आत असावा. जास्त असला तर टिलर जोडणाऱ्या आडव्या नळीची लांबी जुळवायची.

मग स्प्रिंग. रीचवर (वारा बाजूने घेऊन जाताना) वेगात असताना पातं सुटू नये, पण वाळूला लागलं की सुटावं, इतपतच आवळायची. फार आवळली तर धक्का कास्टिंगवर आणि ट्रान्समवर (हलाच्या मागच्या भिंतीवर) जातो, आणि तिथली दुरुस्ती फार महाग पडते. स्क्रू थोडा फिरवायचा, आडवी नळी खाली दाबून टक् आवाज येतोय का बघायचं, मग पात्याचं टोक हाताने मागे ओढून दोन्ही बाजूंची ताकद सारखी लागते का तपासायचं. आत ग्रीस मी अजिबात घालत नाही. त्यात वाळू अडकते आणि प्लंजर (स्प्रिंगने दाबला जाणारा खिटा) जाम होतो. कोरडं सिलिकॉन पुरतं. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे मात्र सील करणारी पेस्ट हवीच, नाहीतर खारं पाणी ते कायमचे धरून ठेवतं.

उजव्याच्या कॅमची (पातं खाली लॉक करणाऱ्या तुकड्याची) कड गोल झाली आहे, त्यामुळे लॉक झाल्यावरही पातं थोडं डुलतं. नवा कॅम मागवला आहे. तो येईपर्यंत त्या बाजूचा कोन मोजण्यात अर्थ नाही, कारण कॅम बदलला की कोनही बदलेल. तोवर होडी फक्त भरतीच्या पाण्यात, किल्ल्याच्या खडकांपासून लांब.